भुरी विमानातून जाईल, पण ऑगस्टमध्ये नाही

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. माझे यजमान जानेवारीपासून नोकरीसाठी म्युनिकला आहेत. लेकीची शाळा तिकडे सप्टेंबरमध्ये सुरू होते, म्हणून ती आणि मी २० ऑगस्टला मुंबईहून निघतोय. आमची भुरी पाच वर्षांची आहे. पार्किंगमध्ये सापडली तेव्हा तळहातावर मावत होती. रोज लेकीच्या पायाशी झोपते. तिला आमच्यासोबत केबिनमध्येच न्यायचं आहे, सामानाच्या कप्प्यात ठेवायला मन धजत नाही. रेबीजची लस दरवर्षी दिली आहे, कार्ड आहे. चिप नाही. एक एजंट म्हणतो, दोन आठवड्यांत सगळे कागद करून देतो. पण भुरी रिक्षातसुद्धा ओरडून ओरडून जीव काढते. तिला झोपेची गोळी द्यावी का? एवढ्या वेळात शी-शूचं काय करायचं? सासूबाई म्हणतात, मांजर घराला धरून असतं, माणसांना नाही, राहू दे तिला माझ्याजवळ. पण जानेवारीत त्या नाशिकला मोठ्या दिरांकडे राहायला जाणार आणि हा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. भुरीला ओढत नेण्यात माझा स्वार्थ आहे का?
एक वाचक, कोथरूड

ताई,

वाईट बातमी आधी सांगते. २० ऑगस्टला भुरी तुमच्यासोबत जाऊ शकणार नाही. तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांना उत्तरं आहेत आणि ती बरी आहेत. या एकाच गोष्टीला पळवाट नाही.

कारण रेबीजचं आहे. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने काही देशांना सवलत दिली आहे, त्या यादीत भारत नाही. त्यामुळे इथून जाणाऱ्या मांजराला नुसतं लसीचं कार्ड पुरत नाही. आधी कातडीखाली १५ अंकी ओळख क्रमांकाची बारीक मायक्रोचिप बसवावी लागते. ती चिप बसवल्यानंतर, किंवा त्याच दिवशी, दिलेली रेबीजची लसच ग्राह्य धरतात. चिपच्या आधी दिलेल्या लसी, मग त्या पाच असोत की दहा, जर्मनीच्या दृष्टीने दिलेल्याच नाहीत. बहुतेक लोक नेमके इथे अडतात. कार्ड बघून निश्चिंत असतात आणि तिकीट काढून मोकळे होतात.

चिपनंतरच्या त्या लसीला निदान ३० दिवस झाले की रक्त घ्यायचं. डॉक्टर त्यातला सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, वेगळा करून युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या लॅबकडे पाठवतात. रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं (लसीमुळे शरीरात तयार होणाऱ्या, रोगाशी लढणाऱ्या घटकांचं) प्रमाण दर मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलं की चाचणी पास. पण पास झाली म्हणून लगेच निघता येत नाही. रक्त ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. रोगाची लागण आधीच होऊन गेली असेल तर ती या काळात उघड व्हावी, यासाठी ही मुदत आहे. म्हणजे आज चिप बसवली तरी चार महिने धरून चाला.

आता तुमचा एजंट. दोन आठवड्यांत कागद करून देणारा माणूस एक तर नियम ओळखत नाही, किंवा मागच्या तारखा घालणार आहे. चांगले एजंट असतात, फॉर्म भरण्यापासून अपॉइंटमेंट घेण्यापर्यंत त्यांची खरी मदत होते. पण तीन महिन्यांचे पंधरा दिवस कोणीच करू शकत नाही. खोटे कागद विमानतळावर पकडले गेले तर एजंट तिथे नसतो, तुम्ही असता, आणि शिक्षा भुरीला होते. कागद नीट नसलेल्या प्राण्याला परत पाठवतात किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवतात. एवढ्या लांबच्या प्रवासाने आधीच घाबरलेलं मांजर अनोळखी पिंजऱ्यात कितीतरी आठवडे! त्या माणसाला पैसे देऊ नका.

मग काय करायचं? तुमच्याच पत्रात उत्तर आहे. सासूबाई जानेवारीपर्यंत याच फ्लॅटमध्ये आहेत. या आठवड्यात भुरीला चिप बसवून त्याच वेळी रेबीजची लस द्या. ऑगस्टच्या मध्यावर, तुम्ही निघायच्या आधी, रक्त देऊन टाका, म्हणजे त्या धावपळीचा भार सासूबाईंवर पडणार नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर तीन महिने पुरे होतील. डिसेंबरमध्ये यजमान नाताळच्या सुट्टीत पुण्याला येऊ दे आणि जाताना भुरीला घेऊन जाऊ दे. त्यांना किमान आठवडाभर आधी यायला सांगा, कारण शेवटचं काम शेवटच्या दिवसांतच करावं लागतं. भारत सरकारच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) व प्रमाणन सेवेचं कार्यालय मुंबईत आहे, तिथून युरोपीय संघाच्या नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं असतं आणि ते हातात पडल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात उतरावं लागतं. अपॉइंटमेंट मात्र तिकीट काढताच घ्या. प्रमाणपत्र इंग्रजीसोबत जर्मनमध्येही असलेलं मागा. आणि त्यावर मालक म्हणून यजमानांचं नाव घाला. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर तो पाळीव प्राण्याचा प्रवास धरत नाहीत, व्यापारी वाहतूक धरतात आणि मग नियम वेगळे लागतात. तुमचं नाव असेल तर तुम्ही चार महिने आधीच गेलेल्या असाल. नियमांत फेरफार होत असतात, तेव्हा नोव्हेंबरमध्ये जर्मन वकिलातीची माहिती एकदा पुन्हा वाचून घ्या.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मांजराला आपला कोपरा, आपली खिडकी, आपल्या वासाची गादी यांचा फार आधार असतो हे खरंच आहे. घर बदलल्यावर दोन-दोन दिवस कपाटामागून न हलणारी मांजरं असतात. पण भुरीचं घर जानेवारीत तसंही जाणार आहे. म्हणजे तिच्यापुढे दोनच वाटा आहेत, नाशिकचं नवं घर नाहीतर म्युनिकचं नवं घर. दोन्हीकडे भिंती अनोळखीच. मग जिच्या पायाशी ती पाच वर्षं झोपली ती मुलगी तरी तिच्याजवळ असू दे. हा स्वार्थ नाही, ताई. भुरी पंधरा वर्षांची असती, मूत्रपिंडं अधू असती, तर मी वेगळं सांगितलं असतं. पाच वर्षांचं धडधाकट देशी मांजर हा प्रवास सोसतं. सासूबाईंना हेही सांगा की मधले चार महिने भुरीला तिच्याच घरात राहायला मिळतंय ते केवळ त्यांच्यामुळे. आणि लेकीला निघायच्या आदल्या दिवशी नको, आजच सांगा, डिसेंबर महिना कॅलेंडरवर दाखवून. तिने वापरलेला, न धुतलेला एखादा टी-शर्ट भुरीसाठी मागे ठेवा.

तिकिटाबद्दल. 'आमच्याकडे पाळीव प्राणी चालतात' एवढ्यावर विसंबू नका, केबिनमध्ये चालतात का ते विचारा. एमिरेट्स आणि कतार एअरवेज मांजर केबिनमध्ये घेत नाहीत, त्यामुळे दुबई किंवा दोहामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी ते तुमच्या कामाचं नाही. इंडिगोही पाळीव प्राणी घेत नाही, म्हणून पुण्याहून इंडिगोने दिल्ली आणि पुढे दुसऱ्या विमानाने असा बेतही जमणार नाही. (देशातल्या देशात जाणाऱ्या वाचकांसाठी: एअर इंडिया आणि अकासा केबिनमध्ये मांजर नेऊ देतात, वजनाची मर्यादा तिकीट काढताना विचारून घ्या.) तुमच्यासाठी मुंबईहून थेट जर्मनी हेच बरं. लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीचा नियम असा: बॅग आणि मांजर मिळून ८ किलोपर्यंत, बॅग ५५ × ४० × २३ सेंटिमीटरपर्यंत, मऊ आणि खालून न गळणारी. एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात, म्हणून आधी फोन करून भुरीची जागा पक्की करा आणि मगच यजमानांचं तिकीट काढा. त्याचे वेगळे पैसे पडतात. खिडकीजवळची सीट मागा. पहिली रांग आणि आपत्कालीन दाराजवळची रांग नको, तिथे समोरच्या सीटखाली बॅग ठेवता येत नाही. वजन घरच्या काट्यावर करून बघा: आधी नुसते यजमान, मग बॅगेतल्या भुरीला घेऊन यजमान, दोन्हींतला फरक तेच वजन.

आता खरं काम. भुरी रिक्षात ओरडते कारण तिच्या आयुष्यात बॅग आणि रिक्षा यांचा एकच अर्थ आहे, डॉक्टरची सुई. बॅग माळ्यावरून खाली आली की ती पलंगाखाली जात असणार, हे तुम्ही न लिहिताही मला दिसतंय. तेव्हा बॅग आजच माळ्यावरून काढा आणि पुन्हा वर ठेवू नका. नवी घेणार असाल तर वरूनही उघडणारी घ्या, घाबरलेल्या मांजराला समोरच्या दारातून ओढून काढणं फार अवघड जातं. तिची जुनी चादर आत घाला आणि बॅग दार उघडं ठेवून हॉलमध्ये, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी, असू द्या. पहिले काही दिवस कोणी काही करायचं नाही. मग तिचा आवडता खाऊ बॅगेच्या दाराशी, मग थोडा आत, मग पार मागच्या कोपऱ्यात. ती आत बसून निवांत अंग चाटायला लागली की समजायचं, बॅग तिची झाली. त्यानंतर चेन क्षणभर लावून लगेच उघडायची. हळूहळू मिनिटभर, पाच मिनिटं. मग बॅग उचलून घरातल्या घरात फेरी. मग लिफ्टने खाली आणि परत वर. मग उभ्या गाडीत, नंतर चालत्या गाडीत सोसायटीभोवती एक चक्कर. प्रत्येक वेळी घरी आल्यावर खाऊ. एखाद्या पायरीवर तिने ओरडायला सुरुवात केली तर आदल्या पायरीवर परत या, घाई करू नका. खुर्चीशेजारचं काम सासूबाई बसल्या बसल्या करतील. उचलायचं आणि गाडीचं काम शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या मुलाकडे सोपवा, मांजरवेडी मुलं प्रत्येक सोसायटीत असतात. चार महिने थांबावं लागतंय याचा हाच मोठा फायदा आहे. ऑगस्टमध्ये नेली असती तर भुरी घाबरलेलीच गेली असती.

याच काळात तिला हार्नेसची, म्हणजे दोरी अडकवायच्या अंगावरच्या पट्ट्याची, सवय लावा. जॅकेटसारखा, छाती-पोटाला बसणारा, प्लॅस्टिकच्या बकलचा घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, त्याहून सैल असेल तर मांजर मागे सरकत सरकत त्यातून क्षणात सुटतं. पहिल्यांदा घातल्यावर ती आडवी पडेल, पाय मोडल्यासारखी चालेल. काही इजा नसते. दोन मिनिटांनी काढा, उद्या पुन्हा घाला.

हार्नेस का, तर सिक्युरिटी चेक. अख्ख्या प्रवासात मला सगळ्यात जास्त काळजी विमानाची नाही, या पाच मिनिटांची वाटते. बॅग क्ष-किरणाच्या पट्ट्यावर जाते आणि मांजराला बाहेर काढून, छातीशी धरून, माणसाला मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. आजूबाजूला ट्रे आपटतायत, यंत्रं वाजतायत, मागचे लोक घाईत आहेत. एरवी गरीब असलेलं मांजरही अशा वेळी नखं रोवून खांद्यावरून उडी मारतं, आणि एवढ्या मोठ्या टर्मिनलमध्ये सुटलेलं मांजर पुन्हा पकडणं म्हणजे दिवसाचं काम. यजमानांनी रांगेत लागतानाच विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफच्या अधिकाऱ्यांना नम्रपणे सांगावं, की बॅगेत मांजर आहे, बंद खोलीत तपासणी होईल का. पुष्कळदा होते. नाही झाली तर हार्नेसची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन, भुरीला जाड टॉवेलमध्ये डोकं सोडून गुंडाळायचं आणि मगच बॅगेतून उचलायचं. आपला लॅपटॉप, पट्टा, मोबाइल आधीच ट्रेमध्ये गेलेला असावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. भुरीसकट बॅग पट्ट्यावर ठेवा असं चुकून कोणी म्हणालं तर ठाम नाही म्हणायचं.

झोपेची गोळी: नको. गुंगीच्या औषधाने रक्तदाब खाली येतो, शरीराचं तापमान सांभाळणं जमत नाही, आणि त्यात काही बिघडलं तर मदतीला डॉक्टर नसतो. गुंगी आलेला प्राणी दिसला तर विमान कंपनी त्याला नाकारूही शकते. सराव करूनही भुरी फारच बेचैन राहिली तर आपल्या डॉक्टरांशी गॅबापेंटिनबद्दल बोला. भीती कमी करण्यासाठी मांजरांना ते हल्ली बरेचदा देतात. पण मात्रा त्यांनीच ठरवायची, आणि प्रवासाच्या काही आठवडे आधी घरी एकदा देऊन बघायचं, कसं मानवतं ते. माणसांच्या औषधांतलं काहीही स्वतःच्या मनाने नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

खाण्यापिण्याचं असं. तुमचा प्रवास मुंबईला सुरू होत नाही, कोथरूडला सुरू होतो, आणि मध्ये बोरघाट आहे. भरल्या पोटी वळणांवर मांजर हमखास ओकतं. निघायच्या चार-पाच तास आधी थोडं ओलं खाणं द्या, त्यात पाणीही पोटात जातं. विमानात तिने काही खाल्लं नाही, प्यायली नाही तरी घाबरू नका, ताणात मांजरं तसंच करतात आणि धडधाकट मांजराला तेवढा उपास बाधत नाही. चाटायचं ट्यूबमधलं खाणं मिळतं ते जवळ असू द्या. विमान वर जाताना आणि उतरताना बॅग न उघडता जाळीतून थोडं चाटायला दिलं तर गिळण्याने कानाचा दडा सुटतो. शी-शूची चिंता मात्र सोडाच. अनोळखी जागी मांजरं दहा-बारा तास सहज धरून ठेवतात. बॅगेच्या तळाशी शोषून घेणारं पॅड घाला, दोन जास्तीची पॅडं, ओले टिश्यू आणि चेन लागणाऱ्या प्लॅस्टिक पिशव्या जवळ ठेवा, पुरे. घरून निघायच्या आधी मात्र ती मातीच्या ट्रेमध्ये जाऊन आली आहे ना, ते बघा.

विमानात बसल्यावर करायचं फार थोडं. शेजारच्या प्रवाशाला आधीच सांगा, एखाद्याला मांजराची ॲलर्जी असते आणि जागा बदलायला तेव्हाच वेळ असतो. बॅग समोरच्या सीटखाली, वर हवा जाईल अशी पातळ ओढणी. सुरुवातीला ती ओरडेल. इंजिनाच्या एकसुरी आवाजात बहुतेक मांजरं अर्ध्या तासात गप्प होतात आणि अंग चोरून पडून राहतात. दर थोड्या वेळाने चेन उघडून बघायचा मोह होईल, तो आवरा. जाळीतून बोट लावलं, हलक्या आवाजात नाव घेतलं, एवढं बस. विमान सुटल्यापासून उतरेपर्यंत बॅग उघडायची नाही, आणि चेनच्या दोन्ही टोकांना छोटी क्लिप लावायची, कारण नाकाने चेन सरकवायला मांजर पटकन शिकतं.

म्युनिकला उतरल्यावर हिरव्या वाटेने (ती काही जाहीर करायचं नसलेल्यांची) नाही, लाल वाटेने कस्टम्सकडे जायचं. ते चिप वाचतात आणि कागदांवरचा नंबर ताडून बघतात. चिप नीट वाचली जाते ना, हे निघायच्या आधी इथल्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, आणि सगळ्या कागदांवरचे १५ आकडे कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावून जुळवा. टायपिंगमधल्या एका आकड्याच्या चुकीने सगळं अडतं. उरलेलं मांजराचं खाणं उतरायच्या आधी टाकून द्या. भारतातून मांस आणि दूध असलेले पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, मांजराच्या खाण्यालाही तोच नियम आहे. तूप-पेढ्यांचा डबाही यजमानांच्या बॅगेत घालू नका, भुरीमुळे कस्टम्ससमोर उभं राहायचंच आहे. भुरीला जे खाणं चालतं त्याच कंपनीचं तिकडे मिळतं का, ते तुम्ही सप्टेंबरमध्येच बघून ठेवा.

आणि घर. घरमालकाला मांजराबद्दल आत्ताच लेखी विचारा. मांजरांवर सरसकट बंदी घालणारी अट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ साली बेकायदा ठरवली आहे, तरी आधी विचारून गेलेलं बरं. पहिले काही दिवस भुरीला एकच खोली द्या. तिथे तिचा मातीचा ट्रे, पाणी, ती प्रवासातली बॅग तशीच उघडी, आणि लेकीचा पलंग. ती स्वतः दाराशी येऊन उभी राहिली की मग बाकीचं घर.

तिकडच्या खिडक्यांबद्दल तर यजमानांना आजच फोनवर सांगा. जर्मन घरांतल्या खिडक्या वरच्या बाजूने आत कलतात आणि हवेसाठी लोक त्या तशाच ठेवून बाहेर जातात. मांजर त्या फटीतून बाहेर जायला बघतं, खाली घसरतं आणि पोटाशी अडकतं. जितकं धडपडतं तितकं आणखी आवळलं जातं. अशाने मांजरं दगावतात. या खिडक्यांसाठी बाजूच्या फटींना लावायच्या जाळ्या तिथल्या प्राण्यांच्या दुकानांत तयार मिळतात. भुरी डिसेंबरमध्ये येईल, जाळ्या नोव्हेंबरमध्येच लागलेल्या असू दे.